एका बरणीला एकच हात

"खरं सांग, बरण्यांमध्ये काय टाकलंस तू?"

आईने खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती. बाहेरगावाहून येतेय, मला वाटलं होतं निदान 'जेवत होतास का नीट' एवढं तरी विचारेल.

"मी कशाला काय टाकू?"

"साबण? फिनेल? जे काय असेल ते सांग. मी ओरडणार नाही."

हे ती ओरडूनच म्हणत होती.

"तुझ्या बाळाला विचार ना. चावी त्याच्याकडे होती."

"त्याला मध्ये आणू नकोस."

"मी आणतोय? वर्षभर तो मध्येच बसलाय! मी कडेला!"

आणि ज्याच्यावरून एवढं चाललं होतं तो दारात उभा. पांढरा कोट, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली, मान खाली. पुतळा तो पुतळाच.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर तुम्हीपण आईसारखं आधी माझ्याकडेच बघाल.

माझी आई समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करते. गेल्या वर्षी तिला इथल्या प्रयोगशाळेत एक वर्षाची नोकरी मिळाली. अर्धा दिवस स्वतःचं संशोधन, अर्धा दिवस मुलांना शिकवायचं. त्याच सुमाराला मी शाळा सोडली होती. सोडली म्हणजे काय झालं, गणिताच्या सरांनी माझी वही खिडकीतून बाहेर फेकली, मग मी त्यांची छत्री फेकली. ते म्हणाले माफी माग. मी म्हटलं वही आधी गेली, तुम्ही आधी मागा. कोणीच मागितली नाही, मग मीपण गेलो नाही.

बाबा म्हणाले, "ने त्याला तुझ्याबरोबर. खाऱ्या वाऱ्याने डोकं थंड झालं तर बरंच आहे. नाहीतर परत आल्यावर होस्टेलची शाळा." होस्टेल त्यांनी शोधूनसुद्धा ठेवलंय. फोटो दाखवला मला. सगळी पोरं एकाच रंगाचे स्वेटर घालून एकाच दिशेला बघतायत. त्यातलं एकही हसत नाहीये.

तर आम्ही इथे आलो. प्रयोगशाळा म्हणजे धक्क्याच्या टोकाला एक दुमजली इमारत. समुद्राचं पाणी पाइपातून आत येतं, टाक्यांमधून फिरतं आणि परत समुद्रात जातं. पंपाची घरघर चोवीस तास. सुरुवातीला झोप लागायची नाही, आता पंप बंद पडला तर जाग येते. लोखंडाची एकही वस्तू धड नाही, सगळ्या बिजागऱ्यांना गंज. खाली शिकवण्याचा हॉल आणि टाक्या, वर संशोधनाच्या खोल्या. मागच्या बाजूला आमचं घर, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. माझी खाट पडद्याआड.

मला कंटाळा येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. मलाही. पण इथे टाकीकाका आहेत. ते बोट चालवतात आणि टाक्या बघतात. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "नुसता फेऱ्या काय मारतोस, बोटीत चल." तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर जातो. ओहोटीला खडकांच्या फटींमधून लांब गळाने आईसाठी साळिंदरं काढतो. साळिंदरं म्हणजे जंगलातली नाही, समुद्रातली. लिंबाएवढा गोळा आणि अंगभर काटे. आई त्यांना अर्चिन म्हणते. गळ अलगद खाली सारायचा आणि एका झटक्यात उचलायचं. त्याला कळलं की कोणीतरी आलंय, की ते खडकाला असं चिकटतं की बापाला सुटणार नाही. मला एकही तोडावं लागत नाही. हे काम मला येतं. बाकी काही येत नसेल, हे येतं.

आणि आई? आईला बादली दिली की ती बादलीत बघते. माझ्याकडे नाही.

आता पुतळ्याबद्दल.

आईच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी दाराच्या काचेतून बघत होतो. तिने प्रत्येकाच्या पुढे एक साळिंदर ठेवलं आणि म्हणाली, तासभर कोणी बोलायचं नाही, फक्त चित्र काढायचं. सगळ्यांनी काट्यांचा गोळा काढला. एकाने ते उलटं करून काढलं. आईने विचारलं, असं का? तो उठून उभा राहिला, बटणं नीट केली आणि म्हणाला, "मॅडम, तोंड खाली आहे. म्हणजे हाच चेहरा झाला ना?"

आईचा चेहरा असा उजळला! दिवाच लावला कोणीतरी आत. "शाब्बास बाळा," म्हणाली.

बाळा! मला ती गाढवा म्हणते. उठ गाढवा, जेव गाढवा, दार लाव गाढवा. सोळा वर्षांत मला बाळा म्हटलेलं मला आठवत नाही. पाळण्यात असताना म्हणाली असेल, तर ते मी ऐकलेलं नाही.

त्या दिवसापासून घरात सकाळ-संध्याकाळ त्याचीच आरती. किती नीटनेटका. किती विचार करून बोलतो. वसतिगृहात राहून, स्वतःचे कपडे स्वतः धुऊन शिकतो. गुणाचा पुतळा आहे अगदी. म्हणून त्याचं नाव पुतळा. नाव आईनेच ठेवलं, मी फक्त पहिला शब्द गाळला.

लोकांच्या घरी आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं. आमच्याकडे उलटं. दुसऱ्याचा तो बाब्या, आणि कार्टं पडद्याआड झोपतं.

सगळ्यात जास्त काय झोंबतं सांगू? ती शिकवते कशी ते. वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिलं तर ती 'चूक' म्हणत नाही. खुर्ची ओढून समोर बसते आणि विचारते, "असं का वाटलं तुला?" आणि थांबते. पोरगं डोकं खाजवतं, छताकडे बघतं, आई आपली बसलेली. चहा गार होतो. तिला घाई नाही.

मला ती संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अपूर्णांक शिकवायची. मला घाम, तिलाही घाम. "अरे खाली सात आहेत! सात! दिसत नाहीत का?" मी म्हटलं, "दिसतायत, आंधळा नाहीये." ती म्हणाली, "मग डोकं कुठे ठेवलंयस?" मी पुस्तक बंद केलं. तिनेपण केलं. त्यानंतर ते उघडलंच नाही. टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली आहे ते सध्या.

रविवारी बाबांचा फोन यायचा. "काय, मासा झालास का अजून?"

"आईला विचार. तिला एक वेगळाच मासा गावलाय."

"जळतोस होय रे?"

"मी कशाला जळू? मी समुद्राकाठी राहतो."

बाबा खो-खो हसले. मला हसू आलं नाही.

हिवाळा संपला तशी आईची खरी धावपळ सुरू झाली. साळिंदरांचा अंडी घालायचा मोसम आला. साळिंदर उलटं करून काचेच्या पेल्यावर ठेवायचं, ते केशरी ठिपके सोडतं, ती अंडी. नर पांढरं दूध सोडतो. दोन्ही एकत्र केलं की दुसऱ्या दिवशी पाण्यात पिल्लं फिरायला लागतात, धुळीएवढी. कापड उडून गेलेला तंबू असतो ना, नुसते बांबू उरलेला, तशी दिसतात. ती बरण्यांमध्ये ठेवायची. प्रत्येक बरणीत एक पट्टी मोटरवर हळू डोलते, म्हणजे पिल्लं तळाला बसत नाहीत. त्यांना हिरवं शेवाळाचं पाणी खायला घालायचं. महिनाभर टिकली तर एक दिवस ती आपलं जुनं अंग आपणच गिळून टाकतात आणि त्यातून छोटं साळिंदर बाहेर येतं, टाचणीच्या डोक्याएवढं. आईला तेच दाखवायचं होतं. थंड पाण्यात, कोमट पाण्यात, कोणत्यात किती पिल्लं तिथवर पोचतात. ते दाखवलं तर तिला इथे आणखी एक वर्ष मिळणार होतं.

आणि आईला वर्ष म्हणजे मला वर्ष. बोट, गळ, टाकीकाका. नाहीतर स्वेटर. त्यामुळे पिल्लं जगावीत असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नव्हतं, हे लक्षात ठेवा.

पिल्लांच्या खोलीचा आईचा एकच कडक नियम. एका बरणीला एकच हात. खायला घालणारा एकच माणूस. "उपाशी पिल्लू आठवडाभर तग धरतं," ती म्हणते, "पण जास्त झालं की शेवाळ सडतं, पाणी नासतं, आणि एका रात्रीत सगळं साफ. दोन माणसं आली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने घातलं नाही." मी म्हटलं, "पाहुण्यांसारखं. प्रत्येक जण आग्रह करतो." आई हसली. माझ्या बोलण्यावर! मी दिवसभर तेच आठवत होतो.

एका दुपारी तर तिने मला स्वतःहून बोलावलं. "इकडे ये, बघ." सूक्ष्मदर्शकाखाली एक पिल्लू होतं. तंबूच्या मधोमध एक हिरवा मणी. "ते पोट," आई म्हणाली. "हिरवं दिसलं तर जेवलंय. काचेसारखं दिसलं तर भुकेलंय." तिची हनुवटी माझ्या खांद्याला लागत होती. मी डोळा काढलाच नाही नळीवरून. मी एक प्रश्नपण विचारणार होतो, चांगला प्रश्न होता, की त्यांना पोट भरल्याचं कळतं का. तेवढ्यात दारावर टकटक.

"मॅडम, एक शंका होती."

"एक मिनिट हं," आई मला म्हणाली आणि गेली.

ते मिनिट तिसऱ्या प्रहरी संपलं. तोवर माझा प्रश्न शिळा झाला होता.

मग गेल्या आठवड्यात तिला बोलावणं आलं. वरच्या लोकांसमोर काम मांडायचं, दुसऱ्या शहरात, चार मुक्काम. पिल्लं ऐन भरात. थोडेच दिवस राहिले होते रूप पालटायला. बरण्या कोणाच्या हातात द्यायच्या?

मी काहीच बोललो नाही. मुद्दाम. दोन दिवस घरात इतका शहाण्यासारखा वागलो की मलाच कसंसं झालं. ताटं धुतली. दार हळू लावलं. टाकीकाका म्हणाले, "काय रे, ताप आलाय का?"

निघायच्या दिवशी आईने माझ्यासमोर चावी काढली आणि पुतळ्याच्या हातात ठेवली. "बाळा, संध्याकाळी एकदा, मापानेच."

"हो मॅडम." दोन्ही हातांनी घेतली त्याने. प्रसाद घेतात तशी.

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू घरी नीट रहा म्हणजे झालं."

"साळिंदरं कोणी आणली? तुझ्या बाळाने? त्याला तर बोट लागते, उलट्या होतात!"

"गाढवा, हे आणण्याचं काम नाही. याला थंड डोकं लागतं."

मग मी ते म्हणालो. "मरू देत तुझी पिल्लं!" आणि दार आपटलं. दोन दिवसांचं शहाणपण एका आवाजात गेलं.

म्हणून आज तिने साबण म्हटलं, फिनेल म्हटलं. तिचं अगदीच चूक नाही. पण मी साबण टाकला नव्हता.

आता पुन्हा आजच्या सकाळवर येतो. पिल्लांच्या खोलीत आई, मी आणि दारात तो. पट्ट्या अजून डोलत होत्या. पाणी गढूळ. प्रत्येक बरणीच्या तळाला मऊ करडा थर, आणि तो थर म्हणजे सगळी पिल्लं. कुबट वास येत होता, फुलदाणीत पाणी राहून गेलं की येतो तसा.

मी काही कबूल करत नाही म्हटल्यावर आई वळली. "बाळा, तू सांग. रोज काय घातलंस ते क्रमाने सांग."

पुतळ्याने मान वर केली. डोळे लाल. "पहिल्या संध्याकाळी मापाने, मॅडम. दुसऱ्या संध्याकाळी निम्मंच. तिसऱ्या दिवशी पाणी बदललं आणि काहीच घातलं नाही. काल पण नाही."

"काहीच नाही? का?"

"पाणी हिरवं दिसत होतं. रोज जास्त हिरवं. मला वाटलं ती आदल्या दिवशीचंच खात नाहीयेत."

"खोटं बोलतोय!" मी ओरडलो. "कसलं हिरवं! सकाळी मी बघितलं तेव्हा पाणी निवळशंख होतं आणि पोटं—"

आणि थांबलो. पण बाण सुटला होता.



"सकाळी," आई म्हणाली. अगदी हळू. "कुठून बघितलंस सकाळी?"

टाक्यांच्या खोलीतून जिना वर येतो, त्या बाजूच्या दाराची कडी नावालाच आहे. ढकललं की उघडतं. ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी वर आलो होतो. पुतळा वर्गात होता. मला फक्त बघायचं होतं. म्हणजे, तो काय चुकतोय ते बघायचं होतं, लपवण्यात काय अर्थ आहे. एक थेंब काढला, नळीखाली धरला. सगळ्यांची पोटं काचेसारखी.

मला काय आनंद झाला! हाच का तुझा थंड डोक्याचा! चार शब्दांची शंका विचारायला बरा येतो आणि पिल्लं उपाशी ठेवतो. मी खिडकीतला शेवाळाचा चंबू उचलला आणि प्रत्येक बरणीत मापाने घातलं. मापानेच, आईने मोजताना शंभरदा बघितलंय मी. मनात ठरवलं, आई आली की हा रडणार, आणि मी सांगणार, पिल्लं कोणी जगवली ते.

दुसऱ्या सकाळी परत आलो, तर पोटं परत फिकी. मी दुप्पट घातलं. तिसऱ्या सकाळी पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, त्यात शेवाळाचा कणही नाही. मला इतका राग आला की माप बाजूला ठेवलं आणि चंबूच ओतला.

हे सगळं मी आईला सांगितलं. ओरडतच सांगितलं, कारण हळू सांगितलं असतं तर रडू आलं असतं. "उपाशी होती ती! हा घालत नव्हता! कोणीतरी घालायला नको?"

आई स्टुलावर बसली. बॅग अजून खांद्यावर. बोटांनी हवेत मोजत होती, सकाळ, संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ.

"रात्रीतून पोटं रिकामी होतातच. तू सकाळी घातलंस," ती मला म्हणाली, "म्हणून याला संध्याकाळी हिरवं दिसलं. याने कमी केलं, म्हणून तुला सकाळी पोटं रिकामी दिसली. तू आणखी घातलंस. याने आणखी कमी केलं." मग पुतळ्याकडे वळली. "आणि रोज हिरवं दिसत होतं, तर मला फोन का नाही केलास? एक फोन!"

पुतळ्याचा बटणाशी चाळा. मग म्हणाला, "मला वाटलं तुम्ही म्हणाल, याच्यापेक्षा घरच्याला चावी दिली असती तर बरं झालं असतं."

घरच्याला? मी इकडे-तिकडे बघितलं. घरचा म्हणजे मी होय!

"तो बोटीत जातो, मॅडम. टाकीकाकांना त्याच्याशिवाय चालत नाही. तुम्ही वर्गातपण सारखं त्याचंच सांगता, एकही काटा न मोडता आणतो म्हणून. मी दिवसरात्र वाचलं तरी मला ते..."

वर्गात सांगते? मला तर कधी... मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती उठली, आणि तिचा जो आवाज लागला तो खालच्या टाक्यांपर्यंत गेला असेल.

"गाढवांनो! दोघंही गाढव! एकाला तोंड उघडता येत नाही आणि दुसऱ्याला मिटता येत नाही! महिन्याचं काम! तुमच्या दोघांच्या मानपानात पिल्लं मेली माझी!"

आता खरं सांगतो, एवढ्या सगळ्यात माझ्या डोक्यात काय आलं असेल? की तिने त्यालापण गाढव म्हटलं. ते माझं होतं. बाळा त्याला दिलं होतं ना, मग गाढव तरी माझ्याकडे राहू द्यायचं. आणि तो पुतळा, शिव्या खाऊन कसा दिसत होता? रडत होता, पण मध्येच असा काही बघत होता आईकडे, जसं काय त्याला घरात घेतलंय.

आई खिडकीशी गेली. पाठ करून उभी राहिली. एकदा डोळे पुसले, मनगटाने. तिला रडताना मी आजी गेली तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर नाही. मी पुढे जाणार होतो. पुतळापण अर्धं पाऊल पुढे आला. त्याला बघून मी थांबलो, मला बघून तो थांबला. कोणीच गेलं नाही.

मग तीच वळली. नाक पुसलं आणि बॅग शेवटी खाली ठेवली.

"तिथे लोकांना काम आवडलंय," ती म्हणाली. "म्हणालेत, छोटी साळिंदरं दाखवा, वर्ष वाढवून देतो. आता ती नाहीत. पण मोसम अजून थोडा आहे. आजच्या आज अंडी मिळाली तर नोकरी संपायच्या आत महिना भरतो. जेमतेम." घड्याळ बघितलं. "ओहोटी लागलीये. मला आता प्रॅक्टिकल आहे, मुलं खाली थांबलीत. तुम्ही दोघं बोटीने जा. भरलेली, जड साळिंदरं आणा."

"दोघं?" मी म्हटलं.

"एक गळ धरेल, एक बादल्या. आणि वर आल्यावर कुठल्या साळिंदरातून अंडी येतील ते याला बघून कळतं."

"आणि या वेळी बरण्या कोणाच्या हातात?"

"माझ्या. फक्त माझ्या."

"म्हणजे त्याच्याही नाही?"

"त्याच्याही नाही."

थोडं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

"पण मी त्याच्याबरोबर जाणार नाही," मी म्हटलं. "त्याला उलटी होते. बादलीत झाली म्हणजे?"

मला वाटलं ती समजावेल. खुर्ची ओढेल, समोर बसेल. तिने सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं आणि म्हणाली, "मग नको जाऊस. तो जाईल एकटा." आणि जिना उतरून गेली, तिच्या त्या वीस लेकरांकडे.

पुतळ्याने बादल्या उचलल्या. मग मला म्हणाला, "गळ कसा धरतात, तेवढं सांगशील?"

"समुद्राला विचार."

तो गेला.

आत्ता मी धक्क्याच्या पायरीवर बसलोय. हॉलच्या खिडकीतून आईचा आवाज येतोय. कोणीतरी काहीतरी चुकलंय आणि ती त्याला विचारतेय, असं का वाटलं तुला. आवाज जरा बसलाय, पण घाई नाही. खाली बोट दिसतेय. टाकीकाकांनी मघाशी मला हाक मारली होती. "येतोस का रे? का रुसून बसलायस नवरदेवासारखा?" मी तोंड फिरवलं. ते म्हणाले, "सासू-सुना परवडल्या, पण तुम्ही दोघं नको बाबा."

पुतळा बोटीत चढला. कोट काढायचाही राहिलाय. बोट हलली तसा त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला, चेहरा आत्ताच हिरवा. काकांनी त्याला गळ दिला, माझा गळ, ज्याच्या मुठीला मी सुतळी गुंडाळलीये. त्याने तो उलटा धरला. असा खाली घातला तर साळिंदर चिकटून बसेल आणि हा ओढेल, ओढेल आणि तोडेल. पाच-सहा तोडली की त्या कपारीत उरणार काय? परत मोसम संपेपर्यंत तिथे भरलेलं एकही मिळणार नाही. आणि आई म्हणेल, बिचारा, प्रयत्न तरी केला त्याने, एकटा गेला, त्रास होत असताना गेला. वर्षभर ऐकायचं ते, वर्ष मिळालं तर. नाही मिळालं तर स्वेटर घालून ऐकायचं.

काका हसतायत. त्याच्या हातातला गळ त्यांनी सुलटा केला, त्याच्या मागे उभं राहून त्याचं मनगट धरलं आणि दाखवतायत, असं खाली, असं अलगद. मला दाखवलं होतं तसंच. पाठीवर थाप मारली त्याच्या.

आता काकापण!

इंजिन सुरू केलं त्यांनी. दोर सोडतोय तो, आणि गाठ चुकीच्या बाजूने ओढतोय. चला, मला आता निघायला हवं.